पहिलं आरसी बायप्लेन घ्यायचंय : टायगर मॉथ की पिट्स?

कातळकर (राजापूर)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. वर्षभराहून जास्त चार चॅनलचा (चार वेगळी नियंत्रणं), हाय विंग, फोमचा आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारा, ट्रेनर उडवतोय, टेकऑफ, सर्किट, लँडिंग आता विचार न करता हातून होतं, लूप आणि साधा रोल पण होतो. आता बायप्लेन हवंय. लहानपणी विमान काढ म्हटलं की मी दोन पंख, मधल्या काठ्या आणि पुढे मोठा पंखा असंच काढायचो, तेच आता हवेत बघायचंय.

रेडिओ (हातातला रिमोट) आहे, ३एस, म्हणजे तीन सेलच्या, २२०० एमएएच बॅटऱ्या आहेत, चार्जर चांगला आहे. विमानासाठी साधारण पंधरा हजारापर्यंत खर्च करू शकतो, त्यात रिसीव्हर (विमानात सिग्नल घेणारा) आणि सर्वो (पंख-शेपटाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आले तर उत्तम. जागा म्हणजे घरामागचा सडा. जांभा दगड, मधे मधे गवताचे पट्टे, दिवाळीपर्यंत गवत सुकतं. झाडं लांब आहेत, वायर नाहीत, गुरं असतात पण गुराखी ओळखीचा आहे.

डोळ्यासमोर दोन आहेत. एक टायगर मॉथ, साधारण सव्वा मीटर पंखाचं, फोमचं. दुसरं पिट्स स्पेशल, ते लाल-पांढरं, छोटं. व्हिडिओत दोन्ही सोपी दिसतात. ज्यांनी खरंच उडवलीत त्यांनी सांगा, ट्रेनरनंतर लगेच कुठलं झेपेल? आणि बायप्लेनमध्ये नक्की वेगळं काय करावं लागतं?

---

शेपूटचाक (पुणे)

छान धागा. आधी एक सांगतो, ट्रेनर नीट येत असताना बायप्लेनकडे वळतोयस हे फार चांगलं आहे, कारण बायप्लेन हे पहिलं विमान म्हणून घेतलेली मंडळी ग्राउंडवर बघितलीत आणि त्यांचा हिरमोड बघवत नाही. दुसरं किंवा तिसरं विमान म्हणून मात्र बिनधास्त घे.

आता वेगळं काय. दोन पंख, मधे आठ-दहा काठ्या, बाहेर लटकणारी चाकं, शिवाय खऱ्यासारख्या तारा लावल्या तर त्या, हे सगळं हवेला अडतं. ट्रेनरचा थ्रॉटल बंद केलास तर तो अर्धं मैदान तरंगत जातो. बायप्लेनचा थ्रॉटल बंद केला की ते घाटात करकचून ब्रेक लावल्यासारखं जागच्या जागी मंदावतं आणि नाक खाली जातं. म्हणून बायप्लेन थ्रॉटलवर उतरवायचं, तरंगत नाही. चाकं टेकेपर्यंत पंखा फिरता ठेवायचा आणि टेकल्यावर मग कमी करायचं. ट्रेनरवर बोटांना लागलेली सवय म्हणजे शेवटच्या वळणावर थ्रॉटल शून्य, ती आधी मोडावी लागते. ट्रेनरवरच आठवडाभर पॉवर ठेवून उतरायचा सराव कर, विमान घ्यायच्या आधी.

दुसरी गोष्ट रडर, म्हणजे शेपटावरचं उभं सुकाणू. तुझ्या ट्रेनरवर हवेत असताना डावा अंगठा रडरसाठी, म्हणजे डावी-उजवीकडे, कधी वापरला आहेस का? खरं सांग. टायगर मॉथला रडरशिवाय वळवलंस तर नाक वळणाच्या उलट बाजूला जातं, पंख एकीकडे कलतोय आणि नाक भलतीकडे बघतंय असं विचित्र दिसतं. कारण एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग) खाली गेलेल्या बाजूला ड्रॅग (हवेचा अडथळा) जास्त आणि या विमानात पंख लांब, वेग कमी.

म्हणून माझं मत : टायगर मॉथ घे, पण रडर शिकायच्या तयारीने घे. पिट्स नंतर.

---

मेघना_एअरविंग (नाशिक)

शेपूटचाक काकांशी निम्मी सहमत. मी एनसीसी एअर विंगमध्ये असताना एरोमॉडेलिंगमध्ये होते, वायुसैनिक कॅम्पसाठी तयारी करायचो तेव्हापासून हा छंद आहे. टायगर मॉथ दिसायला गरीब पण उडवायला गरीब नाही असं माझं मत आहे. चाकांमधलं अंतर कमी, वरचा पंख उंच, त्यामुळे आडवा वारा आला की जमिनीवरच एका बाजूला कलंडतं आणि खालच्या पंखाचं टोक घासतं. एलरॉन फक्त खालच्या पंखाला.

त्या मानाने स्पोर्ट प्रकारची बायप्लेन, चारही पंखांना एलरॉन, चाकं रुंद, ती जिकडे दाखवाल तिकडे सरळ जातात, वळणात नाक भरकटत नाही. फक्त लहान पिट्स नको. सत्तर-ऐंशी सेंटिमीटरचं पिट्स हवेत इतकं चटपटीत असतं की ते उलटं आहे की सुलटं हे कळेपर्यंत ते पुढे गेलेलं असतं. तेच एक मीटरच्या पुढचं, हलकं असेल तर टायगर मॉथपेक्षा सोपं वाटेल.

त्यामुळे कातळकर दादा, नाव बघून ठरवू नका, पंखाचं क्षेत्रफळ आणि वजन बघून ठरवा.

---

लेस्टरकर (लेस्टर, इंग्लंड)

इथल्या क्लबात टायगर मॉथ भरपूर, म्हणून थोडं लिहितो.

मेघनाताई म्हणतात ते सगळं खरं आहे आणि ते मॉडेलचं वैगुण्य नाही, मूळ विमानच तसं आहे. डी हॅव्हिलंडचं टायगर मॉथ २६ ऑक्टोबर १९३१ ला पहिल्यांदा उडालं, शिकाऊ वैमानिकांसाठी, आणि आठ हजारांवर बनली. मूळ विमानाला ब्रेक नव्हते, शेपटाला चाक नव्हतं, नुसतं घासत जाणारं स्किड. एलरॉन खालच्याच पंखांना, तेही असे की वर जास्त जातात आणि खाली कमी, म्हणजे मघाशी शेपूटचाक म्हणाले ती उलट्या बाजूची ओढ कमी व्हावी म्हणून. मॉडेलमध्ये हे रेडिओतून डिफरन्शियल टाकून करायचं, वर १०० टक्के तर खाली ४० ते ५० टक्के. डिफरन्शियल न टाकता टायगर मॉथ उडवलं की लोक विमानाला नावं ठेवतात. एक लक्षात ठेवा, यासाठी दोन एलरॉनला दोन वेगळे चॅनल लागतात, वाय केबलने (दोन सर्वो एकाच चॅनलला जोडणाऱ्या) होत नाही.

पंख मागे झुकलेले का असतात तेही मस्त आहे. आधीच्या मॉथमध्ये पुढच्या कॉकपिटच्या बरोब्बर वर पेट्रोलची टाकी आणि वरचा पंख यायचा, पॅराशूट घालून बाहेर पडणं कठीण. म्हणून वरचा पंख पुढे सरकवला, मग तोल बिघडला, तो परत जागेवर आणायला पंख मागे झुकवले. मॉडेलचा सीजी (गुरुत्वमध्य) काढताना हा झुकाव हिशोबात धरावा लागतो, खोडाजवळ, म्हणजे विमानाच्या धडाजवळ, मोजून चालत नाही.

आणि एक गंमत. खऱ्या टायगर मॉथचं जिप्सी मेजर इंजिन आपल्या मॉडेलच्या मोटरच्या उलट फिरतं. त्यामुळे खरं विमान टेकऑफला उजवीकडे ओढतं आणि वैमानिक डावा रडर देतो. आपलं मॉडेल डावीकडे ओढतं, आपल्याला उजवा रडर द्यायचाय. खऱ्या विमानाचे व्हिडिओ बघून पाठ करणाऱ्यांनी इकडे लक्ष द्या.

---

संत्रानगरी (नागपूर)

धागा वाचून राह्यलो, लय भारी. एक विचारू का, जेआरडी टाटांनी कराचीहून डाक आणली ते विमान टायगर मॉथच होतं ना? मला त्याच रंगात मॉडेल बनवायचं आहे.

---

लेस्टरकर

नाही हो, ते पस मॉथ. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराची–अहमदाबाद–जुहू. तेही डी हॅव्हिलंडचंच पण एकच पंख, वरती, बंद केबिन. म्हणजे मॉडेल म्हणून ते तुमच्या ट्रेनरच्या जवळचं, बायप्लेन नाही. जेआरडींना बायप्लेनमध्येच बघायचं असेल तर १९३० ची आगा खान स्पर्धा, तेव्हा ते जिप्सी मॉथ उडवत होते, आणि जिंकले ते ॲस्पी इंजिनियर, त्यांचंही जिप्सी मॉथच. जिप्सी मॉथचे पंख सरळ असतात, त्यामुळे घरी बनवायला टायगर मॉथपेक्षा सोपं.

---

शेपूटचाक

विषय निघालाच आहे तर पहिल्या महायुद्धातल्या विमानांबद्दलही लिहितो, कारण बायप्लेन म्हटलं की निम्म्या लोकांना सॉपविथ कॅमलच हवं असतं.

कॅमलचं नाक आखूड. मॉडेल बनवलं की शेपूट जड होतं आणि पुढे शिसं भरत बसावं लागतं, म्हणजे फुकटचं वजन. तेच एसई५ए घे. नाक लांब, बॅटरी पुढे सरकवायला भरपूर जागा, पंखांना चांगलं डायहेड्रल (टोकं वर उचललेली), म्हणून हात सोडला तर आपोआप सरळ व्हायला बघतं. महायुद्धातलंच पाहिजे असेल तर पहिलं एसई५ए. आपल्या वैमानिक इंद्रलाल रॉय यांचं विमान हेच, दहा विजय मिळवून २२ जुलै १९१८ ला पडले, विशी पण ओलांडली नव्हती.

आणि मराठी माणसाला ठाऊक असावं म्हणून, आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर पण त्याच आकाशात होते, सॉपविथ डॉल्फिन उडवायचे, ३० जून १९१८ ला गेले. डॉल्फिन वेगळंच विमान, त्यात खालचा पंख वरच्यापेक्षा पुढे. त्याचं मॉडेल कुणी केलं तर मला जरूर कळवा, पण पहिलं म्हणून करू नका, सीजी काढतानाच डोकं फिरतं.

---

कातळकर

काय सुंदर माहिती देताय सगळे, खरंच धन्यवाद. वेलिणकरांबद्दल पहिल्यांदाच वाचलं.

काका, रडरबद्दल विचारलंत ते बरोबर आहे, हवेत मी रडर जवळजवळ वापरत नाही. कालपासून ट्रेनरवर दोन्ही अंगठ्यांनी वळायला सुरुवात केली आहे.

सीजीचा विषय दोघातिघांनी काढलाय तर विचारतो, दोन पंख असताना तो मोजायचा कुठून? वरच्या पंखाच्या पुढच्या कडेपासून की खालच्या?

---

मेघना_एअरविंग

दोन्ही पंख मिळून एक काल्पनिक पंख धरायचा आणि त्यावर मोजायचा. उदाहरणच घ्या. वरचा आणि खालचा पंख सारख्याच लांबीचे, दोघांची रुंदी १८ सेंमी, आणि वरचा पंख खालच्यापेक्षा ६ सेंमी पुढे. मग काल्पनिक पंखाची पुढची कड या दोघांच्या बरोब्बर मधे, म्हणजे वरच्याच्या कडेपासून ३ सेंमी मागे. आता १८ चे २५ टक्के म्हणजे साडेचार. तीन अधिक साडेचार, साडेसात. तर वरच्या पंखाच्या पुढच्या कडेपासून साडेसात सेंमी मागे सीजी. पहिल्या उड्डाणाला इथेच ठेवा, नंतर २८ टक्क्यांपर्यंत म्हणजे आठ सेंमीपर्यंत मागे नेऊ शकता. खालचा पंख लहान असेल तर तो हिशोबात त्या प्रमाणात कमी धरायचा, आणि पंख झुकलेले असतील तर ही रुंदी आणि कड पंखाच्या साधारण मध्यावर घ्यायची, खोडापाशी नाही.

बॅटरी घालून, सगळं लावून मोजा. बायप्लेन वरच्या पंखाखाली बोटं घालून उचलताना काठ्या आणि तारा मधे येतात, म्हणून मी वरच्या पंखाला दोन बाजूंना दोरीचे फास करून टांगते. थोडं नाक खाली झुकलं तर छान, शेपूट झुकलं तर उडवू नका.

सीजीइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट, दोन्ही पंखांचा कोन. वरचा आणि खालचा पंख खोडाशी सहसा सारख्याच कोनात पाहिजेत, शिवाय डावी-उजवी बाजू पण सारखी. मोबाईलवरचं कोन मोजायचं ॲप घ्या, एक सरळ पट्टी पंखाच्या पुढच्या-मागच्या कडेला खालून टेकवा, तिच्यावर मोबाईल ठेवा आणि चार ठिकाणी आकडा लिहून घ्या. एक अंशाचा फरक पण हवेत जाणवतो. मधली काठी चुकीच्या भोकात बसवली की पंख पिळतो आणि मग ट्रिम (रेडिओवरून बारीक दुरुस्ती) देऊन देऊन माणूस दमतो.

---

अण्णा_कोल्हापूर

भावा, विकत कशाला घेतोस, बनव की! पंधरा हजारात दोन होतील.

मी सांगतो. फोमबोर्डचं फ्लाइट टेस्टचं बेबी ब्लेंडर म्हणून बायप्लेन आहे, प्लॅन फुकट मिळतो. पण आपल्याकडं दुकानात फोमबोर्ड मागितला की सनबोर्ड देतात, ते पीव्हीसी असतं, लई जड, त्याचं विमान उडायचं नाही. कागद चिकटवलेला हलका फोमबोर्ड शोध किंवा डेप्रॉन (फोमची पातळ शीट) घे. आणि फेविक्विक डेप्रॉनला, थर्माकोलला लावू नको, फोम विरघळतो. तयार विमानांचा ईपीओ फोम असतो त्याला मात्र फेविक्विक चालतं. बाकी ग्लू गन आहेच, फक्त ग्लूचं वजन पण धर, ओतत बसू नको.

पुशरॉडला (सर्वोपासून हलणाऱ्या भागापर्यंतची सळी) सायकलचा स्पोक, एका टोकाला झेड बेंड, झकास. लँडिंग गिअरला जाड तार, स्पोक वाकतो.

मोटरचा हिशोब असा. समज विमान सगळं धरून १४०० ग्रॅम. बायप्लेनला किलोला दोनशे वॅट धर, निवांत उडतं आणि वेळेला ताकद पण उरते. म्हणजे २८० वॅट. ३एस म्हणजे ११.१ व्होल्ट, तर पंचवीस अँपिअर. मग ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) ४० अँपिअरचा घे. मोटर ९०० केव्हीच्या (एका व्होल्टला मिनिटाचे फेरे) आसपास, पंखा मोठा, ११ किंवा १२ इंची. छोटा पंखा भरभर फिरवून बायप्लेन ओढायचं नाही, मोठा पंखा सावकाश.

पंखाचं लोडिंग, म्हणजे चौरस डेसिमीटरला किती वजन, ते पण काढ. १२० बाय १८ चे दोन पंख म्हणजे ४३ चौरस डेसिमीटर. १४०० भागिले ४३, साधारण ३२ ग्रॅम. बरं आहे. एकाच पंखाच्या विमानाला हा आकडा आला असता तर आणखी बरं, कारण दोन पंख एकमेकांची हवा खराब करतात आणि दुसरा पंख पूर्ण कामाचा नसतो. चाळीसच्या वर गेलं तर पहिलं बायप्लेन म्हणून सोडून दे.

---

कातळकर

अण्णा, बनवायची इच्छा खूप आहे पण पहिलं तयार घेतो, म्हणजे बिघडलं तर बनावट चुकली की हात चुकला हे कळेल. दुसरं नक्की बनवणार.

पुण्यातल्या एकांकडे सेकंड हँड टायगर मॉथ मिळतंय, फोमचं, साधारण १.३ मीटर, मोटर-सर्वोसकट. बघताना काय तपासू?

---

शेपूटचाक

वरचा पंख खोडाला जिथे जोडतात त्या मधल्या काठ्या. तिथे फोममध्ये प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवलेला असतो, तो हलत नाही ना ते बघ, पंखाचं टोक धरून हळूच वरखाली कर. तिथे गोंदाचा नवा थर दिसला तर समज एकदा पडलंय. पडलं म्हणून घेऊ नको असं नाही, फोम जोडता येतो, पण मेघनानं सांगितलं तसा कोन मोज. मोटर माऊंटच्या मागे भेग. सर्वो एकेक करून फिरव, मधेच कडकड आवाज आला तर गिअरचा दात गेलाय. चाकाची तार सरळ आहे का. बॅटरी जुनी देत असतील तर घेऊ नको, फुगलेली असते, आणि एसटीनं आणणार असशील तर नकोच नको.

जायरोवाला (विमान आपोआप स्थिर ठेवणारा) रिसीव्हर आहे का विचार.

---

मेघना_एअरविंग

जायरोबद्दल काका तुमचं आणि माझं जमत नाही हे जुन्या मेंबरांना माहीत आहे :) पण नव्यांसाठी लिहिते. सड्यावर वारा असतो. हलकं बायप्लेन वाऱ्यात डोलतं. स्टॅबिलायझेशन चालू ठेवलं तर ते डोलणं खूप कमी होतं आणि माणूस शांत डोक्यानं उडवतो. फक्त आपोआप सरळ करणारा मोड नको, त्याने रडर शिकायचं राहूनच जातं. जायरोची दिशा जमिनीवर तपासा. विमान हातात धरून उजवा पंख झटकन खाली करा, उजवा एलरॉन खाली गेला पाहिजे, म्हणजे पंख परत वर उचलायला. शेपूट डावीकडे ढकला, रडरने ते परत उजवीकडे आणायला बघितलं पाहिजे, म्हणजे तो डावीकडे वळला पाहिजे. उलटं असेल तर विमान जमीन सोडताच फिरतं आणि तुमच्या हातात काहीच राहत नाही.

---

शेपूटचाक

दिशा तपासायचं मेघनानं लिहिलंय ते सोन्यासारखं आहे, ते छापून फील्ड बॉक्सवर चिकटवा. जायरोला माझा विरोध नाही, स्विचवर ठेवा एवढंच. हवा शांत असेल त्या दिवशी बंद करून उडवायचं.

---

लेस्टरकर

सड्याचं ऐकून हेवा वाटतो. माझं आजोळ लांज्याचं. तिथल्या वाऱ्याबद्दल आठवतंय ते लिहितो, शाळेत खारे वारे-मतलई वारे शिकलो ते आरसीवाल्याला रोज कामाला येतं. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई, ऊन चढलं की उलटा, समुद्राकडून खारा. मधे थोडा वेळ वारा पडतो. बायप्लेनच्या पहिल्या उड्डाणाची वेळ तीच. खारा एकदा सुटला की संध्याकाळपर्यंत थांबत नाही.

आणि कृपया कातळशिल्पं असलेला सडा असेल तर तिथे गाडी नेऊ नका, चाकं फिरवू नका. उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, सगळ्या बाजूला आहेत आणि अजून नवी सापडतात, गवतात पटकन दिसतही नाहीत.

---

कातळकर

आमच्या सड्यावर नाहीत, गावातल्या जाणत्यांना विचारून घेतलंय, तरी गाडी खालीच लावतो.

---

शेपूटचाक

नियमांचं कुणीच काढलं नाही म्हणून थोडक्यात. २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानंही येतात. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो, मायक्रो छंद म्हणून उडवायला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. पण झोन बघावाच लागतो. डिजिटल स्कायचा नकाशा उघडून आपली जागा ग्रीनमध्ये आहे का बघायचं, ग्रीनमध्येही उंची ४०० फुटांपर्यंतच, आणि विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट. रत्नागिरीला कोस्ट गार्डचा विमानतळ आहे, राजापूर लांब आहे पण तरी बघ. पुण्यातल्यांना लोहगाव आणि एनडीए, दोन्हीकडे काळजी. बाहेरून तयार विमान मागवायचा विचार असेल तर फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुटे भाग येतात, त्यामुळे देशातच मिळतंय ते घेतलेलं बरं.

---

अण्णा_कोल्हापूर

आणि घारी! बायप्लेन सावकाश उडतंय म्हटल्यावर घारी लई जवळ येतात. गोल फिरायला लागली तर उतरव, तिला चुकवायच्या नादात राहू नको, तिच्या पंखाला पंखा लागला तर ती मरती. संक्रांतीच्या आसपास मांजाचं पण बघ.

---

कातळकर

मंडळी, विमान आलं आणि उडलं!! सविस्तर लिहितो कारण तुमच्या सगळ्यांच्या पोस्टी प्रिंट काढून सोबत नेल्या होत्या.

घरी आल्यावर आधी कोन मोजले. डावा वरचा पंख एक अंशाहून थोडा जास्त होता, मागची काठी भोकात पूर्ण बसलीच नव्हती, ती बसवल्यावर चारही ठिकाणी सारखं आलं. सीजी दोरीला टांगून बघितला, बॅटरी पार पुढे नेऊनही शेपूट किंचित खाली, म्हणून मोटरखाली पन्नास ग्रॅम शिसं लावलं. एलरॉनचे सर्वो वाय केबलवर होते ते वेगळे केले, डिफरन्शियल वर १०० खाली ४५, एक्स्पो (काडी मधे असताना हालचाल मऊ करणारं सेटिंग) तीस टक्के. वरच्या पंखाला खालून जाड काळे पट्टे मारले, लांबून पोट की पाठ ते लगेच कळतं, हे कुणी लिहिलं नव्हतं पण ट्रेनरवर उपयोग झाला होता.

सड्यावर वरचा पंख जोडायला वेळ लागतो. बारीक स्क्रू जांभ्याच्या खड्यांत पडला की सापडत नाही म्हणून आधी चादर पसरली. रेंज चेक, फेलसेफला (सिग्नल तुटल्यावर) मोटर बंद होते ना ते बघितलं, मग मतलई पडायची वाट बघत बसलो. सुतळीचा तुकडा काठीला बांधला होता, तो हळूहळू लोंबकळला तेव्हा विमान गवताच्या पट्ट्यावर ठेवलं.

एलिव्हेटर (शेपटाचा आडवा हलणारा भाग) पूर्ण मागे ओढून टॅक्सी केली, नाहीतर गवतात चाक अडून नाकावर जातं. थ्रॉटल सावकाश वाढवला. डावीकडे ओढ अपेक्षित होती, उजवा रडर देत गेलो, पण शेपूट उचललं त्या क्षणी ओढ एकदम वाढली, जास्त रडर द्यावा लागला. मग ते पळालंच नाही फार, दहा-बारा पावलांत वर. आवाज इतका मंद, मोठा पंखा सावकाश फिरतोय तो घरघर आवाज, ट्रेनरच्या किंचाळण्यापुढे काहीच नाही.

पहिलं वळण फक्त एलरॉनने करून बघितलं, मुद्दाम, उंची घेऊन. डिफरन्शियल असूनही नाक थोडं बाहेर रेंगाळलं. पुढचं वळण रडर आधी आणि एलरॉन मागून, आणि विमान असं वळलं की जणू त्याला तेच हवं होतं. वरती जाऊन थ्रॉटल काढून बघितला, काका म्हणाले तसंच, वेग झपकन गेला, नाक खाली. तेव्हा ठरवलं की उतरताना तिसरा हिस्सा थ्रॉटल ठेवायचा. उतरवलं गवतावर, पुढची दोन चाकं आधी, थ्रॉटल मग कमी केला. थोडं उसळलं, सरळ राहिलं.

---

मेघना_एअरविंग

वा!! अभिनंदन दादा. शेपूट उचलल्यावर ओढ वाढते ती फिरत्या पंख्याच्या जायरोस्कोपिक परिणामामुळे, शेपूट सावकाश उचललं तर कमी होते. पुढच्या वेळी एलिव्हेटर झटकन सोडू नका, हळूहळू मधे आणा. वाचनखूण साठवली आहे.

---

संत्रानगरी

मजा आला बाप्पा. मी जिप्सी मॉथ बनवायला घेतलं. एक सांगा, रडर-एलरॉन मिक्स (एलरॉन दिला की रडर आपोआप) टाकू का रेडिओत? सगळे म्हणतात २०-३० टक्के टाक.

---

शेपूटचाक

कातळकर, मन भरून आलं वाचून. मिक्सबद्दल : टाकता येतं, पण स्विचवर टाका. मिक्स सगळ्या वेगांना सारखाच रडर देतं आणि बायप्लेनला कमी वेगात जास्त, जास्त वेगात कमी लागतो. शिवाय आडव्या वाऱ्यात उतरताना एलरॉन एकीकडे आणि रडर दुसरीकडे द्यावा लागतो, तेव्हा मिक्स बरोब्बर उलटं काम करतं. फेरी मारायला चालू, उतरताना बंद.

---

अण्णा_कोल्हापूर

बॅटरी किती वेळ गेली? अँपिअर मोजलेस का?

---

कातळकर

अण्णा, टायमर सहा मिनिटांचा ठेवला होता. उतरवल्यावर सेलला ३.८२ व्होल्टच्या आसपास, म्हणजे अजून होती. वॅटमीटर लावून फुल थ्रॉटलला २४ अँपिअर आले, तुमच्या हिशोबाजवळ. हवेत बहुतेक वेळ निम्म्या थ्रॉटलवरच होतं. आता टायमर आठ करतोय, सेल ३.७ च्या खाली न नेता बघतो. आणि फोमबोर्ड कोल्हापुरात नक्की कुठल्या प्रकारच्या दुकानात मिळतो ते सांगा, बेबी ब्लेंडरचा प्लॅन उतरवून घेतलाय.

---

अण्णा_कोल्हापूर

आर्किटेक्चरवाली पोरं मॉडेल बनवायला जिथनं सामान घेतात तिथं विचार, स्टेशनरीत नको. ५ मिलिमीटरचा, दोन्हीकडून कागद असलेला. घ्यायच्या आधी दुकानातच काट्यावर वजन करून घे, दोन कंपन्यांच्या शीटमध्ये बराच फरक असतोय. हलकी शीट पंखाला, जड खोडाला.